सगळ्या बाटल्यांत भेसळ

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी साडेनऊ.

नवी वही सुरू. ही बुटांच्या खोक्यात राहील, कपाटाच्या वर. घरात कुणाला सांगायचं नाही.

कारण : कुठेतरी पाणी मुरतंय.

आमची ही आणि वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाई गेले दोन आठवडे वाचनालयातल्या क्लासला जात होत्या. 'घरच्या घरी सुगंधी तेलं : नवशिक्यांसाठी.' काल क्लास संपला. येताना हिने दुकानातून तीन बाटल्या आणल्या, बोटाएवढ्या, तपकिरी काचेच्या. लव्हेंडर, लिंबू, निलगिरी. शिवाय एक डिफ्युझर, म्हणजे पाण्यात थेंब टाकायचे आणि ते भांडं वर धुकं सोडत बसतं. आणि एक पातळ पुस्तिका.

आता माझ्याबद्दल. (वाचणारं कुणी नाही, तरी नोंद असावी.) साबणाच्या कारखान्यात वासाच्या खात्यात एकतीस वर्षं काढली. सुगंधाचं पिंप गेटवर आलं की आधी मला बोलावणं यायचं. कागदाची पांढरी पट्टी बुडवायची, नाकाशी धरायची आणि एकच शब्द बोलायचा. पास, नाहीतर रिजेक्ट. मॅनेजरसुद्धा उलट विचारायचा नाही. माझं नाव अर्ध्या लोकांना ठाऊकच नव्हतं, सगळे मला 'नाक' म्हणायचे. आणि माझी बायको सुगंध शिकायला बाहेर जाते! म्हणजे घरात विहीर आणि ही बादली घेऊन शेजारी.

तिन्ही बाटल्या तपासल्या.
लव्हेंडर : वास नाही.
लिंबू : वास नाही.
निलगिरी : थोडं गार लागलं. वास नाही.
निकाल : तिन्ही रिजेक्ट. भेसळ. बहुधा पाणी.

हिला सांगितलं. म्हणाली, अहो, घरभर दरवळतंय की. दुकानदाराने चांगलीच टोपी घातलीय हिला.

४ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी.

हे प्रकरण मी एवढं मनावर का घेतलंय ते लिहून ठेवतो. १६ तारखेला लेक येतेय. बाळ घेऊन. महिनाभर राहणार. नात अडीच महिन्यांची झाली आणि मी तिला अजून फक्त फोनवर पाहिलंय. डिसेंबरात ही एकटीच जाऊन आली, कारण मी ताप आणि सर्दीने दोन आठवडे आडवा होतो. ताप गेला, सर्दी गेली. हिच्या हाताची चवही तेव्हाच गेली. भाजी म्हणजे उकडलेला पुठ्ठा. मी वरून मीठ घेतो. ती म्हणते, मी तीस वर्षं करते तशीच करतेय. पण पुरावा ताटात असतो.

तर, तिकडून आल्यापासून हिचं एकच पालुपद. बाळाच्या टाळूचा वास. काय तो वास! विचारलं, कसला? दुधाचा? पावडरचा? तर म्हणे, नाही सांगता येत हो. असं कसं नाही सांगता येत? एकतीस वर्षांत मला नाव देता आलं नाही असा वास झाला नाही. लेकीला फोनवर सांगून टाकलं, तू ये फक्त, त्या वासात काय काय आहे ते मी सांगतो. ती हसली. म्हणाली, बाबा, मी वाटच बघतेय.

तेव्हा संकल्प असा. १६ तारखेच्या आत घराची हवा माझ्या ताब्यात. नकली माल बाहेर, अस्सल माल आत. नातीने पहिला श्वास घ्यावा तो 'पास' हवेत.

५ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी.

ही भाजी आणायला गेली तेव्हा पुस्तिका वाचून काढली. फारच बोलकी आहे.

डिफ्युझरमध्ये चारच थेंब. अर्ध्या तासाने बंद. खिडकी उघडी ठेवा. नुसतं तेल अंगाला लावू नका, साध्या तेलात मिसळा, आधी मनगटावर थेंबभर लावून एक दिवस थांबा. पोटात घेऊ नका. मांजर असेल तर जपून, टी ट्रीचं तेल तर नकोच. तान्ह्या बाळाजवळ निलगिरी आणि पेपरमिंट अजिबात नको. बाटल्या बंद कपाटात.

साधा माणूस म्हणेल, काळजीने लिहिलंय. मी माल तपासणारा माणूस आहे. चारच थेंब का? वास आला नाही तर गिऱ्हाइकाने म्हणावं, अरे हो, मी चारच टाकले होते. खिडकी उघडी का? वास कुठे गेला विचारलं तर म्हणायचं, खिडकीतून गेला. अंगाला लावू नका का? लावलं आणि काहीच झालं नाही तर भांडं फुटेल. एकेक नियम म्हणजे दुकानदाराची पळवाट. चोराच्या मनात चांदणं.

खिडक्या लावून घेतल्या. लव्हेंडरचे चाळीस थेंब टाकले. दोन तास बसलो. वास शून्य.

ही आली ती दारातच थबकली. तोंडाला पदर लावून धावत जाऊन खिडक्या उघडल्या. वरून शिवणवाल्या बाईंनीही खाली डोकावून विचारलं, सांडलं का काही? दोघींनी एकाच वेळी खोकायला सुरुवात केली. ठरवून केल्यासारखी.

६ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी १.

दुकानावर स्वतः गेलो. ओळख दिली नाही. म्हटलं, लव्हेंडर दाखवा. दुकानदार गोरागोमटा, हसरा. हसऱ्या दुकानदारापासून सावध राहावं. त्याने माझ्यासमोर सील तोडलं. नाकाशी धरलं. काही नाही. त्याला म्हटलं, हे पाणी आहे. तेवढ्यात बाजूच्या दोन बायका म्हणाल्या, अहाहा, काय सुरेख! दोन बायका, ऐन गुरुवारी, नेमक्या माझ्या बाजूला. भाड्याने आणलेल्या असाव्यात.

पुरावा म्हणून आणखी तीन घेतल्या. दालचिनी, टी ट्री, आणि निलगिरीची मोठी बाटली. हिला सांगितलं नाही. बुटांच्या खोक्यात, वहीशेजारी.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.

साबणातही तेच! रिटायर झालेल्यांना कारखाना दर महिन्याला साबणाचं खोकं पाठवतो. आज आलं. बारा वड्या, बाराही मुक्या. मी असताना या साबणाच्या वासाने पोस्टमन आधी कळायचा, बेल नंतर वाजायची.

खात्यात आता माझा ज्युनियर बसतो. पोराला मीच तयार केलं. नवा माणूस आला की मी एक डाव टाकायचो. पाच पट्ट्या द्यायचो, चार बुडवलेल्या, एक कोरी. कोऱ्या पट्टीला "गुलाब" किंवा "छान" म्हणणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवायचो. खोटं बोलणारं नाक खात्यात नको. असे अकरा जण पाठवले. हा एकटा म्हणाला होता, सर, यात काही नाही. म्हणून ठेवला. आणि आज त्याच्याच राज्यात वासाची चोरी! कानामागून आला आणि तिखट झाला.

तीन पानी पत्र टाकलं.

८ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ११.

दालचिनी तपासली. शास्त्रीय पद्धतीने. नाकाला फसवता येतं असं गृहीत धरू (माझ्या नाही, सर्वसाधारण नाकाला), पण गुडघ्याला फसवता येत नाही. दुखरा डावा गुडघा निवडला. नुसतं तेल, अर्धी बाटली, चोळून.

साडेअकरा.

आग.

दुपारी ३.

हिने आधी साधं तेल लावून ते पुसून काढलं, मग साबणाने धुतलं, मग डॉक्टरांकडे नेलं. हे सगळं पुस्तिकेत आहे म्हणे. डॉक्टर म्हणाले, भाजलंय. नुसतं लावतं का कुणी? मी म्हटलं, तेल नकली आहे. ते म्हणाले, नकली असतं तर भाजलं नसतं. डॉक्टर भला माणूस आहे पण त्याला व्यापारातलं काय कळतं? आत ॲसिड घातलेलं असणार.

हिने विचारलं, बाटली आली कुठून? मी म्हटलं, सॅम्पल होतं. तिने आणखी काही विचारलं नाही. ती विचारत नाही तेव्हाच मला धोका वाटतो.

९ फेब्रुवारी, रविवार.

साहेब घर सोडून गेले.

साहेब म्हणजे आमचा बोका. सात वर्षं माझ्या खुर्चीत बसतोय, म्हणून साहेब. काल संध्याकाळी ही बाहेर होती तेव्हा डिफ्युझरमध्ये टी ट्री टाकून पाहिलं, थोडं सढळ हाताने. वास नाही. साहेब मात्र लाळ गाळू लागले, चालताना मागचे पाय घसरू लागले. हिने पाहिलं आणि टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरकडे पळाली. मीही गेलो, लंगडत. रिक्षात मांडीवर टोपली धरून बसलो होतो. साहेब एकदाही ओरडले नाहीत. मला खूप वाईट वाटलं. ते इथे लिहितो, तिला सांगणार नाही.

आज बरे आहेत. पण दारापाशी आले, आत डोकावले, शेपटी वळवली आणि जिना चढून शिवणवाल्या बाईंकडे गेले. बाईंनी आधीच बशीत दूध ठेवलं होतं. तयारी बघा!

ही म्हणाली, त्या मुक्या जिवालासुद्धा कळतंय. उंदराला मांजर साक्ष म्हणतात ते हेच.

१० फेब्रुवारी, सोमवार. सकाळी.

दूध जळलं. म्हणजे जळलेलं आढळलं.

ही वर गेली होती. जाताना म्हणाली, दुधाकडे लक्ष ठेवा. मी ठेवलंच होतं. शेजारच्या खोलीत बसून, पेपर वाचत, पूर्ण लक्ष. कसलाही वास आला नाही. ही धावत खाली आली, म्हणाली, वरपर्यंत वास येतोय, तुम्ही करताय काय? पातेलं काळंठिक्कर. स्वयंपाकघरात धूर.

मला एवढंच म्हणायचंय, दूध जळताना मला वास येत नाही हे शक्य नाही. म्हणजे दूध जळलं तेव्हा ते इथे नव्हतं. पातेलं आधीच कुठेतरी जाळून आणून ठेवलं असावं. का, ते अजून कळलेलं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार.

कळलं! निदान धागा तरी मिळाला. हिच्या पर्समध्ये चिठ्ठी. (मी पर्स उघडत नाही. चष्मा शोधत होतो.) 'नाक-कान-घसा. शनिवार, ११.' अक्षर शिवणवाल्या बाईंचं.

हिला काहीतरी होतंय आणि माझ्यापासून लपवतेय. वारंवार खोकते. डोळ्यांतून पाणी. डोकं दुखतं म्हणते. नसलेले वास येतात तिला, हे तर मी सुरुवातीपासून बघतोय. बिचारी. मी उगाच संशय घेतला. तिची काळजी घ्यायची असं ठरवलं.

रात्रीची भाजी पुन्हा पुठ्ठा. मीठ घेतलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार.

हिने सगळी तेलं कपाटात घालून कुलूप लावलं. किल्ली गळ्यात. डिफ्युझर वर बाईंकडे. म्हणाली, बाळ येतंय, आता घरात एकही थेंब नको, पुस्तिकेत स्वच्छ लिहिलंय. आणि दुपारी झोपायलाही वरच गेली. म्हणते, खालच्या पडद्यांना, गाद्यांना सगळ्याला वास लागलाय, डोकं उठतं.

बोका वर. बायको वर. डिफ्युझर वर. शिवणवाल्या बाई कपड्यांपेक्षा माणसं जास्त मापात घेतात.

माझ्याकडची निलगिरी खोक्यात सुखरूप आहे. वहीत मी केस घालून ठेवतो, कुणी उघडली तर कळावं म्हणून. आज केस दोन निघाले. पण दोन्ही माझेच. हल्ली गळतात. काही सिद्ध होत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी ६.

विजय!

ज्युनियर स्वतः आला. पत्राचा परिणाम. साबणाचं नवं खोकं घेऊन आला, चांगला तासभर बसला. म्हणाला, सर, तुमचं पत्र वाचून सगळी बॅच पुन्हा तपासली. मग जरा घुटमळला आणि बॅगेतून तीन पट्ट्या काढल्या. म्हणाला, सर, सहज, जुन्या दिवसांसारखं. ओळखा.

पहिली : काही नाही. दुसरी : काही नाही. तिसरी : काही नाही.

एका क्षणात लक्षात आलं. माझाच डाव माझ्यावर! आणि वर एक नाही, तिन्ही कोऱ्या! मी हसलो. म्हटलं, बाळा, मला कोरी पट्टी देतोस? तिन्ही कोऱ्या आहेत.

त्याने पट्ट्या परत हातात घेतल्या. मग हळूच म्हणाला, बरोबर आहे, सर. तिन्ही कोऱ्याच आहेत. पट्ट्या पाकिटात घातल्या, पाकीट नीट चिकटवलं. चहा अर्धाच प्यायला. जाताना दारात हिच्याशी बराच वेळ हळू आवाजात बोलत होता. डोळे ओले होते त्याचे. हल्लीच्या पोरांना हार पचत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.

ही म्हणते, ज्युनियर बसला होता त्या खुर्चीला अजून गुलाबाचा आणि लवंगेचा वास येतोय.

म्हणजे हा पठ्ठ्या अंगाला अत्तर लावून फिरतो! वासाच्या खात्यात हे चालत नाही, पहिला नियम आहे. त्याची तक्रार करावी लागेल. मसुदा उद्या.

१५ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी १२.

हिला घेऊन नाक-कान-घसावाल्याकडे गेलो. रिक्षात तिचा हात धरला होता. म्हटलं, घाबरू नकोस, मी आहे ना. तिने विचित्र नजरेने पाहिलं. दवाखान्यात नाव पुकारलं ते माझं.

माझं!

म्हणजे चिठ्ठी, बाई, ज्युनियर, दारातली कुजबुज, सगळा एकच कट. मी उठलो आणि सरळ बाहेर पडलो. ही मागून हाका मारत होती. मी म्हटलं, एकतीस वर्षं या नाकाने तुम्हाला जेवायला घातलंय, त्याला आज पेशंट करता? घरी चालत आलो. गुडघा दुखतोय.

दुपारी ४.

ठीक आहे. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणाली मला ही. बघू अंगण कुणाचं वाकडं आहे. उद्या लेक येतेय आणि ती या घराला न्याय देईल. बाळाची खोली बघितली. हिने पडदे धुतले, गाद्यांना ऊन दिलं, आणि आता खोलीला काहीच वास नाही. कोरी पट्टी. नातीचं स्वागत असं करायचं?

ही वर असताना निलगिरीची पूर्ण बाटली कापसाच्या बोळ्यांवर ओतली. वीस बोळे. पाळण्याखाली, कपाटामागे, खिडकीच्या फटीत, सगळीकडे एकेक. नकली माल आहे, वास येणारच नाही. पण निदान जंतू मरतील.

ही आज वरच झोपणार आहे. रागावलीय. त्यामुळे तपासणी टळली.

१६ फेब्रुवारी, रविवार. दुपारी २.

लिहवत नाही. तरी लिहितो.

लेक आली. जावई मागे बॅगा घेऊन. बाळ लेकीच्या खांद्यावर, टोपीत. मी दार उघडलं, हात पुढे केले. लेक उंबऱ्यावर थांबली. तिने एकदा श्वास घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, मला बघून. मी म्हटलं, ये गं. तेवढ्यात बाळ खोकलं. एवढंसं. मग टाहो. लेक ओरडली, बाबा, काय केलंय तुम्ही घरात? आणि वळली आणि जिना चढून वर गेली. माझे हात तसेच पुढे.

जावयाने सगळ्या खिडक्या उघडल्या. हिने बाळाच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, मोकळ्या हवेत ठेवा, श्वासाकडे लक्ष ठेवा, तिकडे पुन्हा नेऊ नका. तासाभराने वरून निरोप आला, बाळ शांत झोपलंय.

तो तासभर मी जिन्यात बसलो होतो. भीती वाटत होती. शेजारी साहेब येऊन बसले, पण थोडं अंतर ठेवून.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी १०.

बाळ बरं आहे. दूध प्यायलं, हसलंसुद्धा म्हणे. सगळे वर आहेत. वरून बाळाचा आवाज येतो, शिलाईयंत्र थांबतं, सगळे हसतात, यंत्र पुन्हा सुरू होतं.

लेकीने अट घातलीय. सगळे बोळे बाहेर, दोन दिवस खिडक्या सताड, मग ती बाळाला घेऊन खाली पाऊल टाकेल. नाहीतर बुधवारच्या गाडीने परत. मी म्हटलं, मी ठेवलेत, मीच काढतो.

दुपारी १.

एकोणीस सापडले. वीस ठेवले होते. नक्की वीस. मी मोजल्याशिवाय काही करत नाही. विसावा कुठे?

दुपारी ४.

गुडघ्यावर रांगत तीन वेळा खोली पालथी घातली. भाजलेल्या गुडघ्यावर. पाळणा उलटा केला. गादी उसवून पाहिली. कपाटामागे हात घातला तर कोळी निघाला, बोळा नाही. प्रत्येक कोपऱ्यात नाक लावलं. कोपऱ्याकोपऱ्यात नाक लावलं! भिंतीला, लाकडाला, फरशीला. कुठेच काही नाही.

साडेतीनला ही खाली आली. दारात उभी राहिली. आत आलीही नाही. म्हणाली, घड्याळामागे आहे. खुर्ची ओढली, भिंतीवरच्या घड्याळामागे हात घातला, बोळा काढला, पिशवीत टाकला, पिशवीला गाठ मारली. निघून गेली.

तिला कुणी सांगितलं? मी एकटा होतो घरात. मी ठेवला तेव्हा खिडकी बंद होती. वहीत जागा लिहिलेली नाही. आत्ताच मागची पानं चाळून पाहिली. 'सगळीकडे एकेक.' बस्स.

तिने फक्त श्वास घेतला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.

काही विशेष नाही. खिडक्या उघड्या. फार गार वारा. भाजीला चव नव्हती. मीठ मागितलं नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी ५.

लेक खाली आली. दारात उभी राहिली, हवा घेतली, थांबली. मी श्वास रोखून धरला होता. तिने मान हलवली. पास.

मी हात तीन वेळा धुतले होते, अंगावर धुतलेला सदरा. खुर्चीत बसलो. तिने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. केवढीशी ती. माझ्या बोटाला मूठ घातली, मूठ पुरत नव्हती, तरी घट्ट आवळली. शिवणवाल्या बाईसुद्धा आल्या होत्या, तिच्यासाठी टोपी शिवून. टोपी चांगली होती. सांगितलं त्यांना.

मग लेक म्हणाली, हं बाबा, सांगा आता. फोनवर म्हणाला होतात ना.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी टोपी काढली. टाळूवर नाक ठेवलं. मऊ, गरम, खाली नाडी उडतेय. श्वास घेतला. सावकाश, शिकवल्यासारखा. पुन्हा घेतला.

काही नाही.

दुकानदार नाही. ज्युनियर नाही. मधे कुणाचा हात लागलेला नाही. थेट लेकीकडून माझ्याकडे आलेला माल. बाळात भेसळ करता येत नाही.

लेकीने विचारलं, कसा आहे?

मी म्हटलं, छान.

अकरा जणांना घरी पाठवलं होतं मी या एका शब्दासाठी. हिने मान खाली घातली. लेक खूश झाली. मी बाळाला लवकर परत दिलं, कारण तिच्या टाळूवर पाणी पडेल असं वाटलं.

नंतर स्वयंपाकघरात हिला म्हटलं, शनिवारची वेळ पुन्हा मिळेल का गं? ती म्हणाली, घेऊन ठेवलीय.

२२ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी.

डॉक्टर म्हणाले, डिसेंबरातल्या तापात गेलाय वास. होतं असं पुष्कळांना. परत येईलही, न येईलही. सांगता येत नाही. त्यांनी नळी घालून पाहिलं, काही मागे लपलेलं नाही. बायकोच्या हाताची चवही तिथेच गेली होती म्हणे, हाताचा काही दोष नाही. हे डॉक्टरांनी हिच्यासमोर सांगितलं. तिने खिडकीबाहेर बघितलं, पण मला हसू दिसलं.

औषध नाही. व्यायाम आहे. चार तेलं. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. रोज दोनदा, प्रत्येकी वीस सेकंद, बाटली नाकाजवळ धरून नुसतं हुंगायचं आणि तो वास आठवायचा. काही महिने. अंगाला लावायचं नाही, सांडायचं नाही, झाकण लगेच बंद. बाळ खाली नसताना, खिडकीत बसून.

हिने किल्ली गळ्यातून काढली, दोन बाटल्या दिल्या. दोन वरून आल्या, बाईंच्या. वर पुस्तिकाही ठेवली. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात आहे, नवशिक्यांसाठी. या वेळी पहिल्या पानापासून वाचली.

लेक महिनाभर आहे. अजून तेवीस दिवस. पहिला व्यायाम आज झाला.

गुलाब : वास नाही.
लिंबू : वास नाही.
लवंग : वास नाही.
निलगिरी : थोडं गार लागलं. वास नाही.
निकाल : बाटल्या पास.